मर्दानी खेळाला ऑलिंपिकचं दार उघडेल का?

प्रश्न : कोल्हापुरात पेठेत आमचा जुना आखाडा आहे. लाठी, फरी-गदगा (छोटी ढाल आणि बोथट काठी), दांडपट्टा, तलवार, भाला, सगळं शिकवतो. संध्याकाळी चाळीसेक मुलं येतात, त्यांत निम्म्या मुली. शिवजयंतीला आणि दसऱ्याला आमची प्रात्यक्षिकं असतात. सध्या जो तो म्हणतो, २०३६चं ऑलिंपिक भारतात होणार, यजमानाला आपले खेळ घालता येतात, मग मर्दानी खेळ नक्की येणार. पालक विचारतात, पोरांनी हेच धरून ठेवायचं का? त्यातच एका संस्थेचा निरोप आलाय : आमचा 'जागतिक महासंघ' आहे, संलग्नता घ्या, मुलामागं फी भरा, परदेशात 'वर्ल्ड चॅम्पियनशिप'ला नेतो. काय करावं? – एक वस्ताद, कोल्हापूर

उत्तर :

वस्ताद, सप्रेम नमस्कार.

आधी पैशाचं. कुणालाही एक रुपया देण्याआधी चार गोष्टी लेखी मागा. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाच्या मान्यताप्राप्त राष्ट्रीय महासंघांच्या यादीत या संस्थेचं नाव आहे का? आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती किंवा आशियाई ऑलिंपिक परिषद तिला ओळखते का? जागतिक उत्तेजकविरोधी संहितेवर तिची सही आहे का? आणि ज्या देशांचे झेंडे ती पत्रिकेवर छापते, त्यांतल्या किती देशांत गेल्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धा झाली, निकाल कुठं बघायला मिळतील? याद्या संकेतस्थळांवर असतात, अर्ध्या तासाचं काम आहे. मग जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडं जाऊन विचारा, की हे प्रमाणपत्र सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणाच्या पडताळणीत टिकेल का. तिथं टिकत नसेल, तर पालक जे विकत घेतायत ते एक विमानाचं तिकीट आणि एक मेडल, बाकी काही नाही. शेताच्या पैशातून असली फी भरणाऱ्या घरांना हे वेळेत कळायला हवं.

आता मूळ प्रश्न. २०३६ला मर्दानी खेळात ऑलिंपिक पदक मिळेल, असं मुलांना सांगू नका. मुळात त्या वर्षीचं यजमानपदच हे लिहिताना ठरलेलं नाही. भारतानं २०२४च्या ऑक्टोबरमध्ये इच्छापत्र दिलंय, एवढंच. आणि यजमानपद मिळालं, तरी यजमानाला आपले खेळ घालता येतात हे जे बोललं जातं, ते अर्धंच खरं आहे.

१८९६ला अथेन्समध्ये नऊ खेळ होते. त्यानंतरची काही दशकं यादी बरीचशी आयोजकांच्या मर्जीवर चालली. रस्सीखेच १९०० ते १९२० ऑलिंपिकमध्ये होती. दोर चढण्याची शर्यत १९३२पर्यंत अधूनमधून असायची. क्रिकेटचा १९००च्या पॅरिसमध्ये एकच सामना झाला. टेनिस १९२४नंतर गेलं ते पदकांसह १९८८ला परत आलं. पुढं खेळ वाढत गेले तशी चाळणी आली. उन्हाळी ऑलिंपिकसाठी पुरुषांत किमान ७५ देश आणि चार खंड, महिलांत ४० देश आणि तीन खंड, एवढा प्रसार हवा, असा नियम बरीच वर्षं होता. प्रात्यक्षिक खेळ ही वेगळी पायरीही होती. तायक्वांदो १९८८ आणि १९९२ला त्या पायरीवर थांबून २०००ला पदकात आलं. १९९२नंतर ही पायरीच काढून टाकली. त्यामुळं 'निदान प्रात्यक्षिक तरी दाखवू द्या' ही मागणी ऑलिंपिकमध्ये आता चालत नाही. उद्घाटनाच्या कार्यक्रमात पथक नाचवणं वेगळं, स्पर्धेत असणं वेगळं.

सध्याची व्यवस्था डिसेंबर २०१४च्या सुधारणांतून आलीय. खेळाडूंची संख्या १०,५०० आणि पदक-प्रकार ३१०च्या आसपास ठेवायचे, आणि यजमानाला काही जादा खेळ सुचवू द्यायचे. सुचवायचे, ठरवायचे नाहीत. मतदान समितीच्या अधिवेशनात होतं. शिवाय सुचवायचा तो खेळ चालवणारी मान्यताप्राप्त आंतरराष्ट्रीय संघटना आधीपासून उभी असावी लागते. टोकियोचे पाच जादा खेळ २०१६ला ठरले. लॉस एंजेलिसचे पाच, म्हणजे क्रिकेट, स्क्वॉश, बेसबॉल-सॉफ्टबॉल, लॅक्रोस आणि फ्लॅग फुटबॉल, ऑक्टोबर २०२३ला मुंबईच्या अधिवेशनात. म्हणजे निर्णय होतो साधारण चार-पाच वर्षं आधी, आणि तोही त्या एका ऑलिंपिकपुरताच. कराटे टोकियोत होतं, पॅरिसला नाही. ब्रेकिंग (ब्रेकडान्स) पॅरिसला होतं, लॉस एंजेलिसला नाही. ज्या पोरानं ब्रेकिंगसाठी दहा वर्षं घातली, त्याला एकच संधी मिळाली.

यजमानाच्या वजनाबद्दल वुशू या चिनी युद्धकलेचं उदाहरण आम्हाला सगळ्यांत बोलकं वाटतं. चीनसारखा देश, २००८चं बीजिंग ऑलिंपिक, घरचा खेळ. तरी वुशू अधिकृत कार्यक्रमात आलं नाही. त्याच काळात बीजिंगमध्ये वेगळी वुशू स्पर्धा भरवली, तिची पदकं ऑलिंपिकमध्ये मोजली नाहीत. आशियाई स्पर्धेत मात्र वुशू १९९०पासून आहे आणि २०२६च्या डाकार युवा ऑलिंपिकच्या यादीतही आलं आहे. सांगायचं कारण असं, की तुमच्या खेळाचा सगळ्यांत जवळचा नातेवाईक तोच : तलवार, भाला, काठी यांचे ठरलेले डाव एका बाजूला आणि प्रत्यक्ष लढत दुसऱ्या बाजूला.

कोल्हापूरकरांना २०१३ची कुस्तीची गोष्ट विसरता येणार नाही. खाशाबा जाधवांनी १९५२ला हेलसिंकीत कांस्य आणलं, ते इथल्या राजाराम कॉलेजात शिकलेले. २०१२ला लंडनमध्ये सुशीलकुमार आणि योगेश्वर दत्त यांनी पदकं आणली आणि पुढच्याच फेब्रुवारीत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळानं शिफारस केली : २०२०पासून कुस्ती बाहेर. पहिल्या ऑलिंपिकपासूनचा खेळ, पण वय कुणी विचारलं नाही. मंडळापुढच्या अहवालात ३९ निकष होते. त्यांत तिकीटविक्री, दूरचित्रवाणीवरचे प्रेक्षक, जगभरातला सहभाग, उत्तेजकविरोधी धोरण अशा गोष्टी होत्या. कुस्तीची अडचण आपल्या फडातल्या माणसालाही पटेल अशी होती. दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या, त्यांतल्या दोन जिंकायच्या. सगळ्या मिळून जास्त गुण घेणाराही हरू शकायचा. बरोबरी झाली की पिशवीतून चेंडू काढून कुणी पाय धरायचा ते ठरायचं. बाहेरच्या माणसाला कोण का जिंकला हेच कळत नव्हतं. वर कुस्तीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या कारभारात खेळाडूंचा आणि महिलांचा आवाज जवळजवळ नव्हता.

या महासंघानं पुढच्या सात महिन्यांत काय केलं ते बघा. अध्यक्ष बदलला. दोन फेऱ्या तीन-तीन मिनिटांच्या केल्या आणि गुणांची सरळ बेरीज ठेवली. नुसतं अंग चोरून उभं राहणाऱ्याला शिक्षा वाढवली. महिलांचे वजनगट चारवरून सहा केले आणि त्यासाठी पुरुषांच्या फ्रीस्टाइल आणि ग्रीको-रोमनचे सातावरून प्रत्येकी सहावर आणले. एकूण अठराच राहिले, एकही पदक वाढवून मागितलं नाही. ८ सप्टेंबर २०१३ला ब्युनोस आयर्समध्ये मतदान झालं. कुस्तीला ४९, बेसबॉल-सॉफ्टबॉलला २४, स्क्वॉशला २२. कुस्ती वाचली. नाव गाजलेलं होतं म्हणून नव्हे, तर नियमपुस्तिका आणि कारभार दोन्ही बदलायची तयारी दाखवली म्हणून.

पालकांसाठी अजून एक गोष्ट, कारण ती सहसा कुणी सांगत नाही. खेळ यादीत असला म्हणजे तुमच्या मुलाचा प्रकार यादीत असतोच असं नाही. आपल्याच गावातलं बघा. तेजस्विनी सावंत २०१०ला म्युनिकमध्ये ५० मीटर रायफल प्रोनमध्ये (झोपून नेम धरायचा प्रकार) जगज्जेती झाली. महिलांचा तो प्रकार ऑलिंपिकमध्ये नाहीच. टोकियोला ती गेली ती थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून). राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेला २०२४ला कांस्य मिळालं तेही थ्री पोझिशनमध्येच. पुरुषांची प्रोन रिओनंतर बंद झाली. स्त्री-पुरुष समानतेसाठी पुरुषांचे तीन प्रकार काढून तिथं मिश्र जोडीचे प्रकार आणले, त्यात ती गेली. जलतरणपटू वीरधवल खाडेचं उलटं झालं. २०१०च्या आशियाई स्पर्धेत त्याला ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्य मिळालं, आणि हा प्रकार ऑलिंपिकमध्ये यायला २०२८ उजाडावं लागतंय. म्हणून क्रीडाप्रकार निवडताना यादीतलं खेळाचं नाव वाचून थांबायचं नाही. वयोगट, वजनगट, हत्यार, अंतर, सगळं तपासायचं, आणि दर चार वर्षांनी पुन्हा तपासायचं.

राष्ट्रकुलचं तर विचारूच नका. बर्मिंगहॅमला २०२२मध्ये नेमबाजी नव्हती. ग्लासगोच्या २०२६च्या यादीत दहाच खेळ आहेत : कुस्ती नाही, हॉकी नाही, नेमबाजी नाही, बॅडमिंटन नाही. आधीचं यजमान, ऑस्ट्रेलियातलं व्हिक्टोरिया राज्य, यानं माघार घेतल्यावर कमी खर्चात, चार ठिकाणी उरकायचं ठरलं, त्याचा हा परिणाम. २०३०चं यजमानपद अहमदाबादला आहे, तिथं पारंपरिक खेळाला जागा मागता येईल, पण त्या रांगेत कबड्डी आणि खो-खो तुमच्या बरेच पुढं उभे आहेत.

त्या दोघांचा रस्ता मात्र अभ्यासण्यासारखा आहे. कबड्डी १९८२ला दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत प्रात्यक्षिक म्हणून आली, १९९०ला बीजिंगमध्ये पदकात, महिलांची २०१०ला. २०१८ला जकार्तात इराणनं पुरुष आणि महिला दोन्ही सुवर्णं नेली. आपल्याकडं तेव्हा हळहळ झाली, पण कबड्डी टिकण्याच्या दृष्टीनं ती सगळ्यांत चांगली घटना होती. त्याच जकार्तात पेंचाक सिलाट हा तिकडचा मर्दानी खेळ होता. १६ सुवर्णांपैकी १४ यजमान इंडोनेशियानं जिंकली, आणि पुढच्या हांगझोऊ स्पर्धेत तो खेळच नव्हता. ज्यूदोचंही तसंच. १९६४ला टोकियोत खुल्या गटाचं सुवर्ण नेदरलँड्सच्या अँटन गेसिंकनं नेलं, आणि ज्यूदो जगाचा झाला. दुसऱ्याला जिंकता येतं हे दिसल्याशिवाय दुसरे देश पैसा घालत नाहीत. खो-खो २०१६ला दक्षिण आशियाई स्पर्धेत आला आणि जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत त्याचा पहिला विश्वचषक २३ देशांना घेऊन झाला. म्हणजे एवढी वर्षं राष्ट्रीय संघटना चालवून खो-खो आत्ता कुठं या पायरीवर पोचलाय.

तुमची पहिली पायरी ऑलिंपिक नव्हे, खेलो इंडिया आणि राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा ही आहे. २०२२ला पंचकुलाच्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत गटका, थांग-ता, कलरीपयट्टू, मल्लखांब आणि योगासन हे पाच देशी खेळ आले. पंजाब, मणिपूर, केरळच्या युद्धकला आल्या, महाराष्ट्राची नाही. दांडपट्ट्याला २०२४ला राज्यशस्त्राचा मान मिळाला, तो मोठाच आहे, पण मानानं प्रवेश मिळत नाही. आणि आत गेल्यावरही जागा पक्की नसते. कलरीपयट्टू २०२३ला गोव्याच्या राष्ट्रीय स्पर्धेत पदकाचा खेळ होता, २०२५ला उत्तराखंडमध्ये प्रात्यक्षिकावर आला.

मर्दानी खेळ तिथं का नाही? आमच्या मते एकच मोठं कारण : सगळं एकदम न्यायचा हट्ट. पट्टा, विटा (दोरी बांधलेला भाला), माडू (शिंगांचं हत्यार), बोथाटी (बोथट टोकाचा भाला), लिंबू काढणं, सगळं एका खेळात बसत नाही. शिवाय प्रत्येक आखाड्याचे पवित्रे वेगळे, त्यांची नावं वेगळी, आणि आमचंच खरं म्हणणारे वस्ताद प्रत्येक पेठेत. यावर उपाय म्हणजे दोनच प्रकार उचलायचे. लढतीसाठी फरी-गदगा, कारण त्यात दोन माणसं समोरासमोर असतात, हत्यार बोथट असतं आणि वार लागला की नाही ते दिसतं. सादरीकरणासाठी काठी, कारण ती कुठल्याही देशात मिळते. दांडपट्टा प्रात्यक्षिकात ठेवा. त्याचं लवचिक पातं उलटून कुठं जाईल याचा भरवसा अनुभवी हातालाच असतो, आणि विमा कंपनी तसा भरवसा धरत नाही. कुणाच्या तळहातावर किंवा मानेवर ठेवलेलं लिंबू कापणं स्पर्धेत कधीच चालणार नाही. ते स्टँडवर, मोजलेल्या उंचीवर ठेवा आणि वेळ लावा, तर तोच प्रकार मोजता येण्यासारखा होईल.

फरी-गदग्याचे नियम लिहिताना आधी साहित्य ठरवा : गदग्याची लांबी, वजन, जाडी, टोकाचं आवरण आणि फरीचा व्यास, वयोगटाप्रमाणे. प्रत्येक आखाड्यातला गदगा आणून काट्यावर ठेवलात, तर पहिल्याच दिवशी कळेल की दोन सारखे नाहीत. मग मैदान. वुशूची लढत ८ बाय ८ मीटरच्या मंचावर, दोन-दोन मिनिटांच्या फेऱ्यांत होते. सुरुवातीला तेच माप धरायला हरकत नाही, मात्र मंच उंच नको, मॅट जमिनीवर टाका. जाळीचा मुखवटा, हातमोजे, छातीचं आवरण सक्तीचं. गुण शरीराच्या भागाप्रमाणे ठेवा आणि दोघांचा वार एकदम लागला तर काय, हे पहिल्या पानावर लिहा. निम्मी भांडणं तिथंच होतात.

काठीच्या सादरीकरणाला वुशूची विभागणी उपयोगी पडेल. तिथं दहापैकी ५ गुण हालचालीच्या शुद्धतेला, ३ एकूण सादरीकरणाला आणि २ काठिण्याला असतात, आणि प्रत्येक भागाचे पंच वेगळे. म्हणजे एका पंचाचं मन कुणावर बसलं, तरी सगळा निकाल त्याच्या हातात जात नाही. वेळ ठरवा, सक्तीचे पवित्रे ठरवा, त्यांना सगळ्या आखाड्यांनी मिळून एकच नाव द्या. काठी हातातून पडली तर किती वजा, हेही आकड्यात लिहा. हलगी जरूर वाजू दे, पण तिच्यावर गुण नकोत. आणि मुलामुलींचे प्रकार पहिल्या दिवसापासून सारखेच ठेवा. पॅरिसला स्त्री-पुरुषांच्या जागा निम्म्या-निम्म्या होत्या, एकट्या पुरुषांचा खेळ आता कुणी दारात उभा करत नाही. तुमच्याकडं निम्म्या मुली आहेत, ही तुमची मोठी ताकद आहे.

नियम कागदावर आले की स्पर्धेआधी पंच तपासा. दहा मुलांचं सादरीकरण मोबाइलवर, एकाच कोनातून चित्रित करा. पाच वस्तादांना वेगवेगळं बसवून गुण द्यायला सांगा. आठवड्यानं तेच चित्रीकरण, क्रम बदलून, पुन्हा द्या. एकाच पंचाचे दोन वेळचे गुण जुळत नसतील, तर नियमाची भाषा ढिली आहे. आपापल्या आखाड्याच्या मुलांनाच जास्त पडत असतील, तर त्या पंचाला त्या मुलांसमोर बसवायचं नाही. हे न करता घेतलेली पहिली स्पर्धा रुसव्या-फुगव्यात मोडते आणि पुढची दहा वर्षं आखाडे एकत्र येत नाहीत. त्यानंतर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात संस्थेची नोंदणी, घटनेत पदाधिकाऱ्यांची मुदत, दरवर्षी लेखापरीक्षण, आणि सांगली, सातारा, पुणे असं करत राज्यभर जिल्हा संघटना. दुसऱ्या राज्यात खेळ नेताना तिथल्या मुलांना जिंकण्याएवढं शिकवा. आपला चांगला वस्ताद वर्षभर तिकडं पाठवावा लागला, तरी पाठवा.

पालकांना असं सांगा. मर्दानी खेळानं पाय, मनगट, नजर आणि धीर तयार होतो, म्हणून मुलानं यावंच. पण ज्याला पदक, शिष्यवृत्ती, नोकरीसाठी खेळायचंय, त्यानं बारा-तेराव्या वर्षाच्या सुमारास सोबत यादीतला एक खेळ धरावा. तुमच्या मुलांना दोन जवळचे आहेत : वुशू आणि तलवारबाजी. तलवारबाजी १८९६पासून प्रत्येक ऑलिंपिकमध्ये आहे. भवानी देवी टोकियोला सेबर प्रकारात खेळली, ती ऑलिंपिकमधली पहिली भारतीय तलवारबाज. सेबरमध्ये कापाचा वार चालतो, म्हणून पट्टा-तलवार फिरवलेल्या हाताला तो लवकर जमतो. अडतं ते पायात. आपले पवित्रे गोलात फिरतात, तलवारबाजीची पट्टी १४ मीटर लांब आणि जास्तीत जास्त दोन मीटर रुंद असते. आखाड्यातलं पोर सवयीनं बाजूला सरकतं आणि पट्टीबाहेर जातं. शिवाय मोठा फेरा घेऊन वार करायची सवय असते, तेवढ्या वेळात समोरच्याचा वार लागून त्याचा दिवा पेटलेला असतो. म्हणून पहिले तीन महिने हत्यार न देता, जमिनीवर दोन रेषा आखून फक्त पुढं-मागं पाय चालवायला लावा, आणि मनगटाचा वार कोपर अंगाजवळ ठेवून घटवून घ्या. त्या काळात आठवड्यातले दोन दिवस आखाड्याचे, बाकीचे पट्टीचे ठेवा. दोन्ही एकाच संध्याकाळी नकोत, पाय गोंधळतात.